लॅम्प्स आणि ओव्हिटो : धातूंमधल्या किरणोत्सारी हानीच्या कामासाठी काही महिने वापरल्यावर

न्यूट्रॉनचा मार बसल्यावर धातूच्या आत काय घडतं, हे साध्या डेस्कटॉपवर बघायचं असेल तर लॅम्प्स (अणूंची हालचाल संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि ओव्हिटो (त्याचे निकाल चित्रात दाखवणारं) ही जोडी बिनधास्त घ्या. दोन्ही मोफत मिळतात (ओव्हिटोची पैसे भरून घ्यायची आवृत्तीही आहे, पण या कामाला मूळची पुरते). मी नागपुरात पावसाळ्यापासून यावरच काम करते आहे. माझं मत आता पक्कं झालंय: लॅम्प्स सांगाल ते चोख करतं, आणि चुकीचं सांगितलंत तर तेही तितक्याच चोखपणे करून देतं. म्हणून कमांड शिकायला जेवढा वेळ द्याल, त्याच्या दुप्पट पोटेन्शियल (अणूंमधली ओढ-ढकल ठरवणारं सूत्र) तपासायला ठेवा.

माझा विषय लोखंड. तारापूरला 1969 पासूनच्या ज्या दोन जुन्या अणुभट्ट्या आहेत, त्या प्रकारच्या भट्टीचं दाबपात्र पोलादाचं असतं आणि वर्षानुवर्षं न्यूट्रॉन झेलून ते ठिसूळ होत जातं. 1 एमईव्हीचा (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा) न्यूट्रॉन लोखंडाच्या अणूला समोरासमोर धडकला, तर त्या अणूला जास्तीत जास्त 69 केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा मिळते. हा पहिला उडालेला अणू म्हणजे पीकेए. तो शेजाऱ्यांना उडवतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि काही पिकोसेकंदांत (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागांत) सगळा खेळ आटोपतो. याला कॅस्केड म्हणतात.

आधी मी स्रिम हा प्रोग्रॅम वापरायचे. आयन किती खोल जातो हे ते झटकन सांगतं, त्यासाठी आजही तेच उघडते. पण स्रिमला स्फटिक कळत नाही, तापमान कळत नाही, आणि उडालेला अणू परत जागेवर येऊन बसला हे तर अजिबातच कळत नाही. लोखंडात नेमकं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. 10 केईव्हीच्या पीकेएसाठी 1975 चं एनआरटी हे दोष मोजायचं सूत्र, 40 ईव्ही विस्थापन ऊर्जा (अणू जागेवरून उडवायला लागणारी) धरून, 100 दोष (रिकामी जागा आणि घुसलेला अणू अशा जोड्या) सांगतं. लॅम्प्समध्ये शेवटी उरतात त्याच्या साधारण एक तृतीयांश. कॅस्केडचा गाभा क्षणभर वितळल्यासारखा होतो, मग पुन्हा स्फटिक जमतो, आणि बरेचसे अणू कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागेत बसून जातात. 2018 मध्ये सुचवलेलं एआरसी-डीपीए सूत्र याच कारणाने आलं. हे पुस्तकात वाचलं होतं, पण स्क्रीनवर ते भरून येताना पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

आता पोटेन्शियल. धातूंसाठी वापरतात ती ईएएम प्रकारची पोटेन्शियल जाळीचं अंतर, लवचिकता, रिकाम्या जागेची ऊर्जा अशा शांत अवस्थेतल्या गुणधर्मांवर बेतलेली असतात. कॅस्केडमध्ये मात्र दोन अणू एक अँगस्ट्रॉमपेक्षाही (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) जवळ येतात. तिथे झेडबीएल हे प्रतिकर्षणाचं पोटेन्शियल जोडावं लागतं. पोटेन्शियलच्या काही फाइलींमध्ये ते आधीच जोडलेलं असतं, काहींमध्ये नसतं. असलेल्यावर पुन्हा चढवलं तर प्रतिकर्षण दोनदा मोजलं जातं, आणि लॅम्प्स एक शब्दही बोलत नाही. शिवाय जोड कुठल्या अंतरावर दिला यावर दोषांची संख्या बदलते. यावर माझा उपाय साधा आहे: रिकाम्या खोक्यात दोनच अणू ठेवायचे, हळूहळू जवळ आणायचे, प्रत्येक अंतराला ऊर्जा नोंदवायची आणि आलेख झेडबीएलच्या शेजारी मांडायचा. जोडाशी कुठे खड्डा किंवा गाठ दिसली तर ती फाइल बाजूला. अर्ध्या तासाचं काम आहे, पण तयार फाइल उतरवून थेट रन लावणारे खूप दिसतात.

टाइमस्टेपचंही (हिशेब एका पावलात किती वेळ पुढे जातो त्याचं) तसंच. 10 केईव्हीचा लोखंडाचा अणू सेकंदाला सुमारे 185 किलोमीटर वेगाने जातो. नेहमीचा एक फेम्टोसेकंदाचा स्टेप ठेवला तर एका पावलात तो 1.85 अँगस्ट्रॉम उडी मारेल, आणि जवळचा शेजारी तर 2.5 अँगस्ट्रॉमवरच आहे! सुरुवातीला स्टेप शंभरपट लहान हवा, पुढे वेग कमी झाला की वाढवता येतो. 'फिक्स डीटी/रीसेट' ही कमांड ते आपोआप करते. मला लॅम्प्समधली सगळ्यात उपयोगी सोय हीच वाटते.

खोकं मी दर बाजूला 60 युनिट सेलचं (स्फटिकाची लहान वीट, प्रत्येकीत दोन अणू) घेते, म्हणजे 4,32,000 अणू. 10 केईव्ही त्यात मुरले की तापमान सुमारे 90 केल्विननं चढतं, म्हणून कडेच्या थरांवर थर्मोस्टॅट लावून उष्णता काढते. 1960 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या गटाने आयबीएम 704 या संगणकावर तांब्याच्या 500 च्या आसपास अणूंवर असा पहिला हिशेब केला होता. आज बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) जास्तीची रॅम घेऊन बसवलेल्या माझ्या मशीनवर लाखांनी अणू धावतात, याचं मला खरंच अप्रूप आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की कूलरच्या खोलीत प्रोसेसर तापून मंदावतो, त्यामुळे मोठे रन रात्री लावायचे. लाइट गेली तर सगळं वाया जाऊ नये म्हणून रीस्टार्ट फाइल ठरावीक अंतराने लिहायला सांगून ठेवा.

ओव्हिटोबद्दल तक्रार जवळजवळ नाहीच. विग्नर-साइट्झ विश्लेषण (आधीच्या अख्ख्या स्फटिकाच्या फ्रेमशी जागा जुळवून बघणं) लावलं की रिकाम्या जागा आणि घुसलेले अणू वेगळे दिसतात. दोन्हींची संख्या जुळली नाही तर संदर्भासाठी दिलेली फ्रेम चुकीची आहे असं समजा. फ्रेम फार वारंवार साठवल्या तर मात्र डिस्क भराभर भरते.

मर्यादाही मोठ्या आहेत. इलेक्ट्रॉनमध्ये जाणारी ऊर्जा साध्या रनमध्ये धरलीच जात नाही. आणि काही पिकोसेकंदांनंतरचं, म्हणजे दोष सरकणं, गोळा होणं, पोकळ्या होऊन धातू फुगणं, यासाठी कायनेटिक माँटे कार्लोसारखी वेगळी पद्धत लागते. एका कॅस्केडचा आकडा घेऊन तर कोणी निष्कर्ष काढूच नये: ऊर्जा तीच ठेवून दिशा बदलली तरी उत्तर बरंच हलतं, सरासरीच घ्यावी लागते.

नवीन असाल तर 1 केईव्ही आणि लहान खोक्यापासून सुरू करा, पीकेएची स्फटिकातली दिशा ⟨135⟩ ठेवा म्हणजे अणू मोकळ्या वाटेने निसटून जात नाही. माझं पुढचं काम लोह-क्रोमियमवर आहे. त्याच्या पोटेन्शियलचे दोन अणूंचे आलेख सध्या काढते आहे.