कौशल्य चाचणीचे 'खरे पेपर' विकणाऱ्यांपासून सावध राहा

नोकरीसाठी कौशल्य चाचणी द्यायची असेल आणि तयारीसाठी कुणी 'खरे पेपर' विकत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मी भरले होते. हातात काय पडलं ते सविस्तर सांगते, म्हणजे तेच गाजर तुमच्यापुढे धरलं गेलं तर लगेच ओळखता येईल.

माझी परीक्षा होती वर्ककीज. एसीटी ही संस्था ती घेते. व्यवहारातलं गणित, आलेख-तक्ते वाचणं आणि कामावरची कागदपत्रं समजून घेणं असे मुख्य तीन पेपर, प्रत्येकाला ५५ मिनिटं. तिन्हींत किमान ३ पातळी आली तर ब्राँझ प्रमाणपत्र, ४ ला सिल्व्हर, ५ ला गोल्ड, ६ ला प्लॅटिनम. दोन पेपर उत्तम गेले आणि तिसऱ्यात ४ आले, तर हाती सिल्व्हरच येतं. त्यामुळे कच्च्या पेपरची धास्ती असतेच, आणि ही मंडळी नेमकी तिच्यावर जगतात.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'गेल्या महिन्यातले खरे पेपर. गोल्डची हमी, नाहीतर पैसे परत.' फोनवरचा माणूस अगदी आपुलकीने बोलला. माझा कुठला विषय कच्चा आहे, नोकरी कधीपासून शोधतेय, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, ही सवलत आज रात्रीपर्यंतच आहे."

पैसे भरल्यावर पीडीएफ आली. आलेखांच्या पेपरावर ठळक अक्षरांत नाव होतं 'लोकेटिंग इन्फर्मेशन'. हा पेपर २०१७ च्या बदलात बंद झाला आणि त्याच्या जागी 'ग्राफिक लिटरसी' आला. म्हणजे 'गेल्या महिन्यातला' म्हणून विकलेला पेपर कधीच मोडीत निघालेला होता.

मग गणिताकडे वळले. एका वस्तूवर आधी २० टक्के सूट, नंतर उरलेल्या किमतीवर आणखी १० टक्के; एकूण सूट किती? शंभराचे ऐंशी झाले, ऐंशीचे बहात्तर, म्हणजे २८ टक्के. उत्तरसूचीत छापलं होतं ३०. विकणाऱ्याने आपलाच माल एकदाही सोडवून पाहिलेला नव्हता.

सोबत 'बोनस' म्हणून इतर कंपन्या घेतात तशा शाब्दिक तर्काच्या चाचण्या होत्या. त्यात उतारा देतात आणि खालचं विधान खरं, खोटं की 'सांगता येत नाही' ते ठरवायचं असतं. उताऱ्यात लिहिलं होतं, सुरक्षा प्रशिक्षण झाल्यानंतर कारखान्यातले अपघात घटले. विधान होतं, प्रशिक्षणामुळे अपघात घटले. उतारा फक्त आधी काय झालं आणि नंतर काय झालं एवढंच सांगतो, कारण सांगत नाही. बरोबर उत्तर 'सांगता येत नाही'. सूचीत 'खरं'. मला पैशांपेक्षा याचा जास्त संताप आला. असली सूची घोकून जो मुलगा किंवा मुलगी परीक्षेला बसेल, तिची विचार करण्याची पद्धतच बिघडते, आणि आपलं कुठे चुकलं हे तिला कधी कळतही नाही.

पैसे परत मागितले तेव्हा अट पुढे आली: 'नापास झाल्याचा अधिकृत दाखला' जोडा. या परीक्षेत पास-नापास नसतंच, पातळी मिळते. असा दाखला कुणालाच मिळणार नाही, हे ती अट लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार.

त्यानंतर त्याने दुसरा प्रस्ताव ठेवला. ओळखपत्राची प्रत पाठवा, परीक्षेच्या वेळी लॅपटॉपचा ताबा आमच्याकडे द्या, आमचा माणूस पेपर सोडवेल. तिथे मी फोन ठेवला. घरून चाचणी घेतल्यावर काही कंपन्या मुलाखतीच्या वेळी समोर बसवून पुन्हा छोटी चाचणी घेतात. दुसऱ्याने मिळवलेले गुण तिथे उघडे पडतात, शिवाय आपलं ओळखपत्र कायमचं परक्याच्या हातात राहतं.

'खरे पेपर' ही कल्पनाच बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही. बऱ्याच चाचण्यांत प्रश्न मोठ्या साठ्यातून निवडले जातात. काहींत तुमचं उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, म्हणजे शेजारच्याचा पेपर वेगळा आणि तुमचा वेगळा. स्वभावाच्या प्रश्नावलीची 'आदर्श उत्तरं' विकणारेही आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

नमुना प्रश्न चाचणी बनवणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट असतात, आधी ते सोडवा. वर्ककीजच्या गणितात सूत्रांचा तक्ता देतात आणि कॅल्क्युलेटरही चालतो, म्हणून सूत्रं पाठ करण्यात वेळ घालवू नका. टक्केवारी, एककांची अदलाबदल आणि दोन-तीन पायऱ्यांची गणितं घड्याळ लावून सोडवा. आलेख पाहताना आधी शीर्षक, मग दोन्ही अक्षांवरची एककं, आणि मगच प्रश्न. कोणती चाचणी आहे, किती वेळ आहे, कॅल्क्युलेटर चालेल का, हे बोलावणाऱ्या कंपनीला सरळ विचारा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

पैसे आधीच गेले असतील, तर जाहिरात, पावती आणि सगळा संवाद यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. तक्रार केली की ही मंडळी जाहिरात काढून टाकतात. कार्डाने भरले असतील तर बँकेत लेखी वाद नोंदवा आणि त्यात 'जाहिरातीत सांगितलेली वस्तू मिळाली नाही' असं स्पष्ट लिहा. मी 'लोकेटिंग इन्फर्मेशन'चं ते पान आणि 'गेल्या महिन्यातले' ही जाहिरात शेजारी शेजारी जोडून तक्रार दिली आहे.