ब्लू पर्लचा ओटा : दगड खणखणीत, पण आधी किचनचा उजेड बघा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या बाजूला ग्रॅनाइटवाले ब्लू पर्लचे स्लॅब उन्हात उभे करून ठेवतात आणि गिऱ्हाईक तिथेच भुलतं. बाहेर निळा लखलखणारा तोच दगड डक्टकडे खिडकी असलेल्या किचनमध्ये बसला की नुसता करडा दिसतो. मग दुकानदाराला बोल लावले जातात. पण दगडात खोट नसते, कारण मुळात त्यात निळा रंगच नसतो.

हा लार्विकाइट, नॉर्वेतल्या लार्विकच्या खाणींतला. साधारण 29-30 कोटी वर्षांपूर्वी ऑस्लोच्या परिसरात भूकवच ताणलं जात होतं, तेव्हा शिलारस खोलवर सावकाश थंड झाला. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक निवताना आतल्या आत वेगवेगळ्या घटकांच्या अतिसूक्ष्म थरांत विभागले. या थरांवरून उजेड परततो तेव्हा निळी झाक येते, तीही ठरावीक कोनातूनच. ग्रॅनाइटला लागणारं क्वार्ट्झ हे खनिज यात जवळपास नाही, त्यामुळे भूशास्त्र याला ग्रॅनाइट म्हणत नाही. बाजार म्हणतो, म्हणो.

म्हणून खरेदीची पद्धत वेगळी. दुकानात स्लॅब उभा असतो, ओट्यावर तो आडवा पडणार. हातभर तुकडा घरी आणा, ओट्याच्या उंचीला आडवा ठेवा, संध्याकाळी किचनचाच दिवा लावून बघा. मग तुकडा फिरवा. ज्या बाजूने उभं राहिल्यावर झळाळी जास्त, ती दिशा कापण्याआधी स्लॅबवर मार्करने बाण काढून कारागिराला दाखवा. एल आकाराच्या ओट्यात हे विसरलात तर एक बाजू निळी, दुसरी राखाडी, आणि जॉइंट लांबून दिसतो. लेदर फिनिश, म्हणजे खरबरीत, कमी चकाकीचं, घेऊ नका. झाक मिरर पॉलिशवरच खुलते. सीलर डाग अडवतो, निळेपणा वाढवत नाही.

टिकाऊपणाला पूर्ण गुण. 1 ते 10 च्या मोह्स मापावर कठीणपणा 6 ते 6.5, लिंबू-कोकमाने मार्बलसारखे पांढुरके चट्टे पडत नाहीत. टॉयलेटचं ॲसिड मात्र ओट्यावर नको. खरी कटकट कापताना. दाणे मोठे, आणि फेल्डस्पार ठरलेल्या पातळ्यांवर फुटतो, म्हणून धारदार कडेची कपची उडते. हाफ राउंड मोल्डिंगच, म्हणजे गोलसर कड, करून घ्या. हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) आणि सिंकच्या कटआउटचे कोपरे काटकोनात कापले तर ताण तिथे साठतो आणि तडा जातो; आधी भोक पाडून कोपरा गोल काढायला सांगा. सिंकपुढची चिंचोळी पट्टी तर लिफ्टमधून नेतानाच मोडते. हे कटिंग जागेवर आणून केलेलं बरं.

स्वस्तातला 'ब्लू' दिसला तर कापसावर ॲसिटोन घेऊन मागची बाजू घासा. कापूस रंगला तर दगड रंगवलेला आहे.

अंधाऱ्या किचनसाठी दक्षिणेतला साधा काळा ग्रॅनाइट घ्या, आयात दगडाचे पैसे वाचवा. ब्लू पर्लचा हौसेचा तुकडा खिडकीच्या कठड्याला लावा, तिथे तो पैसे वसूल करतो. याचेच मणी ब्रेसलेटमध्ये लॅब्राडोराइट म्हणून खपवतात. लॅब्राडोराइटमध्ये रंगाचा सलग पट्टा झळकतो, यात वेगवेगळे दाणे सुटे सुटे चमकतात. भाव करताना एवढं बघितलं तरी पुरे.