एक कान अचानक गेला: क्रॉस, बोन कंडक्शन, कॉक्लिअर की काहीच नको?

ज्यांचा एक कान अचानक गेलाय, स्टेरॉइडचा कोर्स संपलाय आणि आता पुढे काय घ्यायचं ते ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. कालपरवाच झालं असेल तर हे वाचत बसू नका, आधी ईएनटी गाठा. कानात दडा बसलाय, मळ असेल, सर्दी असेल म्हणत आठवडा घालवतात लोक, आणि स्टेरॉइडचा खरा उपयोग पहिल्या २ आठवड्यांत होतो, नंतर पडद्यातून इंजेक्शन देतात तेही साधारण ६ आठवड्यांपर्यंतच. एमआरआय सांगितला तर टाळू नका, क्वचित नसेवर गाठ निघते.

आता मशीन. कान पूर्ण गेला असेल तर त्यात साधं मशीन घालून फायदा नाही, आवाज कितीही वाढवा, शब्द काही कळत नाहीत.

क्रॉसमध्ये गेलेल्या कानावर माइक असतो आणि तिकडचा आवाज वायरलेसने चांगल्या कानात येतो. ऑपरेशन नाही, काहीच नाही. माझा डावा गेलाय आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे गाडी चालवताना शेजारचा माणूस नेमका बंद कानाकडे, तिथे क्रॉस घातल्यावर बायकोशी नीट बोलता यायला लागलं. दुकानात, पंगतीत, मीटिंगला पण मस्त. पण हर्णैला संध्याकाळी मासळीच्या लिलावात तेच मशीन नको होतं, पुकारणारा समोर, आणि डावीकडून टेम्पो, बर्फ फोडायचा आवाज, घासाघीस, सगळं एकाच कानात ओततं आणि आकडाच हरवतो. तिथे मी माइक बंद करून उजवा कान पुकारणाऱ्याकडे करून उभा राहतो, ते जास्त कामाचं. चांगला कानही थोडा कमी असेल तर बायक्रॉस मिळतं, ते तिकडचा आवाज आणतं आणि चांगल्या कानाचा आवाजही वाढवतं.

बोन कंडक्शन तेच काम कवटीच्या हाडातून करतं, त्यासाठी दुसरा कान जवळपास नॉर्मल हवा. कानात काही घालायचं नसतं हे आपल्या घामाच्या हवेत बरं वाटतं, पण ऑपरेशन करून हाडात बसवलेला स्क्रू कातडीतून बाहेर येणारा प्रकार असेल तर ती जागा रोज साफ ठेवावी लागते, नाहीतर लाल होऊन पिकते. ऑपरेशनआधी डोक्याच्या पट्ट्यावर लावून बघता येतं, ते मागाच.

या दोन्हींत एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही, हॉर्न कुठून आला ते कळत नाही, कारण ऐकणारा कान शेवटी एकच. मुंबई-गोवा हायवे ओलांडताना मशीन असो नसो, मान वळवून दोन्हीकडे बघायचंच.

दिशा थोडीफार परत देणारं फक्त कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून गेलेल्या कानात आत बसवतात आणि थेट ऐकण्याच्या नसेला इशारे देतं ते यंत्र, आणि कानातली गुणगुण पण बऱ्याच जणांची कमी होते. अमेरिकेत एका कानाच्या बहिरेपणासाठी याला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. पण सगळ्यात महाग, मोठं ऑपरेशन, नस शाबूत हवी, नंतर महिनोन्‌महिने सेटिंग आणि ऐकण्याचा सराव, म्हणजे दापोलीहून मुंबई-पुण्याच्या खेपा. गुणगुणीने झोप उडाली असेल तर माझ्या मते याचा विचार खरंच करा, आणि वर्षानुवर्षं थांबून नको, कान जितका जास्त काळ बंद तितका फायदा कमी.

काहीच न घेणं हा पण रस्ता आहे. घरात बसायची जागा बदलली, चार लोकांना सांगून ठेवलं की बरंच निभावतं. मात्र चांगला कान जपा, शिमग्याला ढोलाजवळ इअरप्लग घाला, वर्षातून एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा.

पावसाळ्याचं वेगळंच. चार्जिंगचं मशीन सोयीचं, पण निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) आपल्याकडे लाईट कितीतरी दिवस नव्हती ते आठवा, पॉवर बँकवर चार्ज होतं का विचारूनच घ्या. सेलवालं दमट हवेत लवकर उतरतं. कुठलंही असो, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं.

दिव्यांग सर्टिफिकेटच्या भरवशावर राहू नका, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कर्णबधिरत्व दोन्ही कानांचं धरलंय. स्वतंत्र सल्ला हवा असेल तर वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था आहे, तिथे दाखवता येतं.

माझं मत, बहुतेकांनी आधी क्रॉसची ट्रायल घ्यावी. एसी केबिनमध्ये सगळंच छान ऐकू येतं, म्हणून मशीन घरी न्या, एसटीत घाला, बाजाराच्या दिवशी घाला. ट्रायल न देता पैसे मागत असतील तर दुसरीकडे जा.