पहिल्यांदाच छोटा ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घेतला: ट्रेलर कसा होता, सोबत काय न्यावं

आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. टेंट घेऊन कॅम्पिंग बरीच वर्षं करतोय पण या वर्षी आई साताऱ्याहून आली होती, तिचे गुडघे दुखतात, तिला जमिनीवर झोपवायचं नव्हतं आणि रात्री बाथरूमसाठी टॉर्च घेऊन लांब चालवायचं नव्हतं, म्हणून ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला 16 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली) भाड्याने घेतला आणि व्हर्जिनियात शेनँडोआ नॅशनल पार्कला गेलो. पहिली रात्र लुरेजवळच्या एका प्रायव्हेट कॅम्पग्राउंडवर, तिथे साइटवरच पाणी, लाइट, ड्रेनेज सगळं होतं, आणि पुढच्या तीन रात्री पार्कमध्ये बिग मेडोजला, तिथे साइटवर यातलं काहीच नाही. दोन्ही प्रकार एकाच ट्रिपमध्ये झाले त्यामुळे काय लागतं आणि काय उगाच नेलं हे चांगलंच कळलं.

आधी ट्रेलरबद्दल. पाचपैकी साडेचार. एक मोठा बेड, डायनिंग टेबल खाली करून दुसरा बेड, दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रिज, फर्नेस, आणि टॉयलेट-शॉवर एकाच डब्यात. आम्ही चौघं, नवरा, मी, आठ वर्षांची मुलगी आणि आई, कसेबसे पण नीट मावलो. गादी चांगली होती, खिडक्यांना जाळ्या धड होत्या, छत गळलं नाही (एक रात्र धो धो पाऊस झाला). आई पहिल्या रात्री म्हणाली, अगं ही तर रेल्वेच्या फर्स्ट क्लासची केबिन आहे, आणि एक पहाट सोडली तर ती खरंच चारही रात्री शांत झोपली. माझ्यासाठी तेवढ्यावरच पैसे वसूल.

ट्रेलरबरोबर मिळालेल्या सामानाला मात्र पाचपैकी दोन. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी "स्टार्टर किट आतच आहे, तुम्हाला काही आणायला नको" असं सांगितलं होतं आणि आम्ही तो बॉक्स उघडून न बघता निघालो. ही चूक कृपा करून करू नका. पार्किंग लॉटमध्येच सगळं बाहेर काढा, नळ्या सरळ करा, प्लग हातात घेऊन बघा, ज्यांचा ट्रेलर आहे ते समोर उभे असताना. आमच्या किटमधल्या ड्रेनेजच्या नळीला जॉइंटजवळ चीर होती. ती चीर आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी करायला घेतल्यावर दिसली आणि तेव्हा काय झालं ते मी इथे सविस्तर लिहीत नाही. शेजारच्या साइटवर एक वयस्कर अमेरिकन जोडपं होतं, त्या आजोबांनी न मागता स्वतःची स्पेअर नळी आणून दिली, हातमोज्यांचा अख्खा बॉक्स दिला आणि नवऱ्याला उभं राहून दाखवलं की आधी ब्लॅक टँक म्हणजे टॉयलेटची टाकी सोडायची, ती पूर्ण रिकामी झाली की मग ग्रे म्हणजे सिंक-शॉवरची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. आणि साइटवर ड्रेनेज असलं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह सारखा उघडा ठेवायचा नाही, नाहीतर पाणी निघून जातं आणि घाण तळाला बसते.

तर पॅकिंग करताना आधी ट्रेलरचं सामान, मग आपलं. आम्ही उलटं केलं, दोन दिवस फराळाचं करण्यात गेले आणि नळी बघायला पाच मिनिटं काढली नाहीत.

ट्रेलरचं म्हणजे काय, तर पिण्याच्या पाण्याची वेगळी पांढरी नळी, बागेची हिरवी नाही चालत, तिच्यातून पाण्याला रबराचा वास येतो आणि ती पिण्यासाठी बनवलेलीच नसते. त्या नळीला लावायचा प्रेशर रेग्युलेटर, कारण काही कॅम्पग्राउंडच्या नळाला प्रेशर एवढं असतं की ट्रेलरच्या आतले प्लास्टिकचे पाइप फुटू शकतात, रेग्युलेटर ते 40-50 पीएसआयवर आणतो. ड्रेनेजची नळी आणि डिस्पोजेबल हातमोजे, आणि हे दोन पांढऱ्या नळीपासून लांब वेगळ्या झाकणाच्या डब्यात, याबाबतीत आपलं सोवळं-ओवळं अगदी कडक पाळा. चाकाला लावायचे ठोकळे, आणि ते ट्रेलर गाडीपासून सोडवायच्या आधी लावायचे, नंतर नाही. लेव्हलसाठी प्लास्टिकचे ब्लॉक, कारण जमीन कधीच सपाट नसते आणि गॅसवर चालणारा फ्रिज वाकडा उभा राहिला की नीट गार करत नाही. कोपऱ्यांचे जॅक फक्त हलू नये म्हणून असतात, त्यांनी ट्रेलर उचलायचा नाही, हेही आम्हाला आजोबांनीच सांगितलं. टायरचं प्रेशर बघायचा गेज. आणि घरचा साधा प्लग आणि ट्रेलरचा 30 अँपचा प्लग यांच्यामधला अडॅप्टर. तो असेल तर आदल्या रात्री ड्राइव्हवेमध्येच फ्रिज लावून गार करता येतो, कारण या फ्रिजला गार व्हायला तासन्‌तास लागतात आणि त्यात गरम भाजीचे डबे ठेवून काही उपयोग होत नाही.

वजनाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण याच्यात आम्ही खरंच घाबरलो होतो. दाराजवळ एक पिवळा स्टिकर असतो, त्यावर सामानाचं जास्तीत जास्त वजन किती ते लिहिलेलं असतं. आमच्यावर सहाशे पाउंडांच्या आसपास होतं. वाटलं भरपूर आहे. पण एक गॅलन पाणी 8.3 पाउंडांचं, म्हणजे 20 गॅलनची टाकी भरली की 166 पाउंड तिथेच गेले. आणि सामान कुठे ठेवता ते किती ठेवता याच्याइतकंच महत्त्वाचं, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जागी, पडायला हवा. आम्ही मोठा कूलर, पाण्याचे कॅन, तांदळाची पिशवी, बिडाचा तवा सगळं मागच्या बाजूला कोंबलं कारण तिथे जागा रिकामी दिसली. आय-81 हायवेवर ट्रक किती असतात ते त्या रस्त्याने गेलेल्यांना माहीत आहे, एक मोठा ट्रक बाजूने गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागला, आरशात मागचा भाग एकदा या लेनमध्ये एकदा त्या लेनमध्ये. अशा वेळी ब्रेक दाबायचा मोह होतो, तो दाबायचा नाही. नवऱ्याने नुसता ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ट्रेलरचा ब्रेक (तो गाडीतून वेगळा लावता येतो) हाताने हळू लावला, मग ते थांबलं. पुढच्या रेस्ट एरियात सगळं जड सामान काढून खाली, चाकांच्या जरा पुढे ठेवलं. त्यानंतर चार दिवसांत परत एकदाही हललं नाही. सामान तेच, फक्त जागा बदलली. आणि ताशी 60 मैलांच्या वर जायचं नाही, ट्रेलरच्या बऱ्याच टायरची मर्यादाच 65 मैलांची असते.

रस्त्याचं एक जर्सीकरांसाठी. आय-95 ने खाली जाणार असाल तर बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेलमधून 20 पाउंडांचं गॅस सिलिंडर नेता येत नाही, 10 पाउंडांच्या वरच्या सिलिंडरला बंदी आहे, आणि ट्रेलरवर पुढे तेच बसवलेलं असतं. आम्ही म्हणून आय-78 आणि आय-81 ने गेलो. लुरेहून पार्कमध्ये थॉर्नटन गॅपच्या गेटने चढलो की लगेच मेरीज रॉकचा बोगदा लागतो, उंची 12 फूट 8 इंच. निघायच्या आधी स्वतःच्या ट्रेलरची उंची वरच्या एसीसकट मोजून कागदावर लिहा आणि तो कागद गाडीत समोर चिकटवा, आयत्या वेळी आठवत नाही.

आता स्वयंपाकघर. लुरेला लाइट होती म्हणून आम्ही इंडक्शन, हीटर आणि चहाची किटली तिन्ही एकदम लावलं आणि अंधार झाला. 30 अँप म्हणजे 120 व्होल्टवर 3600 वॉट, इंडक्शन 1800, हीटर 1500, किटली 1500, हिशोब तुम्हीच करा. बिग मेडोजला तर प्रश्नच नाही, तिथे ट्रेलर फक्त बॅटरीवर, म्हणजे मिक्सर नाही, इंडक्शन नाही, किटली नाही, मायक्रोवेव्ह नुसतं कपाट. त्यामुळे विजेवर चालणारं काही नेऊ नका आणि ओल्या वाटणाचं सगळं घरून वाटून न्या. आमच्याकडे सगळ्यात कामाला आलेली वस्तू म्हणजे तीन लिटरचा प्रेशर कुकर, डाळ-भात एकदम, गॅस कमी, पाणी कमी. त्यानंतर मिसळणाचा डबा. थालीपिठाची भाजणी, लसणाची चटणी, मेतकूट, पोहे, एवढ्यावर तीन दिवस मस्त निघाले. पोळ्या घरून करून नेल्या, पोळपाट नेला होता तो एकदाही लागला नाही कारण तो ठेवायला ओटाच नाही. स्टीलची ताटंही नेऊ नका, मला कागदी प्लेट आवडत नाहीत पण चार ताटं-वाट्या घासायला जेवढं पाणी जातं तेवढ्यात चौघांच्या दोन वेळच्या आंघोळी, म्हणजे ओल्या पंचाने अंग पुसून काढणं, होतात. सिंकचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं आणि ती टाकी सगळ्यात आधी भरते.

फोडणी बाहेर करा. पहिल्या दिवशी मी आत मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि स्मोक अलार्म असा कोकलला की मुलगी रडायला लागली. छताचा व्हेंट आणि खिडकी उघडल्यावर बंद झाला. अलार्म काढून ठेवायचा विचारसुद्धा करू नका, एवढ्या छोट्या जागेत गॅस जळतोय. दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या टेबलावर कॅम्प स्टोव्हवर फोडणी, आणि लगेच सगळं आवरून आत, कारण तिथे अस्वलं आहेत, अन्न, कूलर, स्टोव्ह, अगदी टूथपेस्टसुद्धा बाहेर ठेवायची नाही. जळाऊ लाकडंही घरून नेऊ नका, किडे पसरतात म्हणून बाहेरचं लाकूड पार्कमध्ये चालत नाही, तिथे विकत मिळतं किंवा हीट-ट्रीटेड शिक्क्याचं न्यावं लागतं.

बाथरूमचं मोकळेपणाने लिहिते कारण आपल्या लोकांना हा प्रश्न असतोच. टमरेल न्या. आपली पाणी वापरायची सवय ब्लॅक टँकला उलट चांगली, त्यात भरपूर पाणी असायलाच हवं. कागद मात्र लवकर विरघळणाराच, आणि वेट वाइप्स टॉयलेटमध्ये अजिबात नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

थंडी. बिग मेडोज साधारण 3500 फुटांवर आहे, पाचगणीपेक्षा खालीच, पण ऑक्टोबरच्या रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. फर्नेस गॅसवर चालते पण तिचा पंखा बॅटरीवर, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या रात्री चार वाजता जमिनीलगतचा गॅस डिटेक्टर टिक, टिक करायला लागला. आम्ही सगळ्यांना उठवून दार उघडून बाहेर काढलं, गॅस बंद केला, कुडकुडत उभे. गॅस गळत नव्हता, बॅटरी उतरली होती आणि व्होल्टेज कमी झाल्यावर तो असाच आवाज करतो. पण तुम्ही तसं गृहीत धरू नका, आधी बाहेरच या. मग फर्नेस बंदच ठेवली आणि आईने आणलेली गोधडी काढली. जुन्या लुगड्यांची, आजीने शिवलेली, आई ती बॅगेत घालून साताऱ्याहून का घेऊन आली म्हणून मी एअरपोर्टवर तिच्यावर चिडले होते. त्या एका गोधडीखाली मुलगी आणि आई सकाळी आठपर्यंत झोपल्या. फर्नेसच्या भरवशावर जाऊ नका, माणशी एक जाड पांघरूण आणि लोकरीची टोपी हवीच, आणि जमलं तर घडीचं छोटं सोलर पॅनल. आम्ही पुढच्या वेळी ते नक्की नेणार.

संध्याकाळी मेडोवर हरणं येतात, अगदी जवळ. आई खुर्ची टाकून शाल गुंडाळून बसायची, अंधार पडला तरी आत यायला तयार नसायची. म्हणून एक घडीची खुर्ची, पाठ टेकता येईल अशी, घरात वयस्कर माणूस असेल तर न्याच.

ट्रेलर परत देताना चिरलेल्या नळीचा फोटो आणि व्हिडिओ आमच्याकडे होता तरी ट्रेलरवाल्यांनी आधी डिपॉझिटमधून पैसे कापले, चार ईमेल केल्यावर परत दिले. त्यामुळे निघतानाचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, ट्रेलरच्या चारही बाजूंचे आणि किटचेही. ट्रेलर मी परत घेईन, मे महिन्यासाठी बघतोयच, पण त्यांचं किट नाही. पांढरी नळी, रेग्युलेटर, ड्रेनेजची नळी, ठोकळे आणि हातमोजे आता आमच्या स्वतःच्या दोन प्लास्टिकच्या पेट्यांमध्ये गॅरेजमध्ये आहेत, आणि आजोबांना त्यांच्यासारखीच नवी नळी पोस्टाने पाठवली.