होडीवरची 150 एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी, 14 महिन्यांनी: फ्लोटवर विश्वास ठेवू नका

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, होडी पाण्यात ढकलली, चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. शेजारच्या दोन होड्या धूर सोडत निघून गेल्या आणि मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर मल्टीमीटर घेऊन बसलो. 11.4 व्होल्ट.

बॅटरी गेल्या वर्षीच्या दसऱ्याला घेतली. इन्व्हर्टरची आहे, होय. ट्रकची महाग पडत होती, आणि माझं काम सेल्फ, दोन दिवे, जीपीएस, वायरलेस एवढंच. विकताना दुकानदार म्हणाला होता, "खुशाल लाव." आता तक्रार घेऊन गेलो तर म्हणतो, "ही घराची बॅटरी आसा, होडयेची नाय." कार्डाच्या मागे बारीक अक्षरात तेच छापलंय. म्हणजे हमी गेली. साडेचौदा हजार रुपये, आणि उत्तर एका ओळीत.

तेव्हाच लिहायला बसलो असतो तर एक तारा दिला असता. बरं झालं नाही लिहिलं, कारण चूक आधी माझीच निघाली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत होडी वर ओढून झापांनी शाकारली, पण बॅटरी आतच राहिली. बिल्ज पंपाचा (तळातलं पाणी उपसणारा) फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारा, थेट बॅटरीला जोडलेला. मेन स्विच बंद करून काय उपयोग? झापांमधून पाणी गळायचं, तळाशी साचायचं, पंप इमानेइतबारे उपसायचा. अशी बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं. ते बॅटरी कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

पण दुसरा फ्लोट! बॅटरीच्या झाकणांवरच्या त्या पांढऱ्या दांड्या: वर असली की पाणी पुरेसं, खाली बसली की घाला. सहापैकी तिसरी भोकाच्या कडेच्या मळात अडकून वरच राहिलेली. त्यामुळे वर्षभर बाकी पाच सेलना (कप्प्यांना) पाणी पाजलं, तिसऱ्याला थेंब नाही. अंगठ्याने दाबली तर टपकन खाली. आत टॉर्च मारला, प्लेटा उघड्या. वीस-तीस रुपयांच्या प्लास्टिकने साडेचौदा हजारांचा जीव घेतला असता.

बाबा म्हणाले, "पागोळ्यांचा पाणी घाल, ता काय वायट आसता?" समुद्रकाठच्या कौलांवरून आलेलं पाणी, त्यात मीठ असणारच. डिस्टिल्डचा कॅन आणला. प्लेटा बुडतील इतकंच घातलं, घरी पडवीत, खिडकी उघडी ठेवून 15 अँपिअरने रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस चार्ज केली, मग पातळी पुरी केली. आधीच गच्च भरली असती तर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर आलं असतं. हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजतो, आकडा जास्त तितकी चार्ज जास्त) पाच सेल 1240, तिसरा 1190. पुन्हा हळू चार्ज केल्यावर तो 1215 वर आला. पुढे सरकायला तयार नाही.

आज डिसेंबर. रात्र विसावल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते, सेल्फ पहिल्या झटक्यात घेतो. पूर्वीइतकी दमदार नाही, पण डिझेल इंजिनाला पुरते. खाली जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे, वर पट्टा, टर्मिनलवर व्हॅसलिन. टर्मिनल पुसायला गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, महिन्यातून एकदा. तारा काढताना निगेटिव्ह आधी. चार्जिंगबद्दल माझी तक्रार नाही. उलट कौतुकच आहे, दोन महिने उपाशी राहून उठली.

दांड्या मात्र काढून टाकल्यात. आता शहाळ्याची पारदर्शक स्ट्रॉ सेलमध्ये उभी करतो, वरून बोट दाबतो, उचलतो. आतलं पाणी नजरेसमोर येतं आणि परत त्याच सेलमध्ये जातं. दुकानदार नव्या झाकणांच्या संचाचे 180 मागतोय. नाही देणार. पंपाच्या तारेत वेगळा स्विच बसवला त्यात 60 गेलेच आहेत.