झालं-गेलं डोक्यातून जात नसेल तर: बोलावं, लिहावं, चालावं की विपश्यनेला जावं?

सोलापुरात चाळिशीतल्या माणसांच्या गप्पा लांबल्या की एक वाक्य हमखास येतं, "तेव्हाच पुण्याला गेलो असतो तर…" कुणाला वडिलांचे माग फुकटात विकल्याची चुटपुट असते. कुणाला वाटणीच्या दिवशी सख्ख्या भावाला तोडून बोलल्याचं सलतं. अधूनमधून आठवलं तर त्यात काही बिघडत नाही. पण रोज दिवा मालवला की तेच दळण सुरू होत असेल, तर काहीतरी एक उपाय निवडायला हवा. तो निवडणाऱ्यासाठी हा आढावा.

आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय सल्ला म्हणजे "जाऊ दे की, विसर आता." तो स्पर्धेतून आधीच बाद. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल डोक्यातून जाईना. उलट बंदी उठल्यावर ते जास्तच येऊ लागलं. आठवण दाबली की तीही अशीच वागते.

"उगाळू दे, आपोआप थांबेल" हेही खरं नाही. सुसान नोलेन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती नोंदवली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑक्टोबर 1989 मध्ये, तिथे मोठा भूकंप झाला. ज्यांना आधीपासून दुःख उगाळायची सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं अधिक दिसली.

उपायांकडे वळण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. या बाबतीत आज काही करता येतं का? भाऊ हयात आहे, मनात फक्त अबोला आहे, तर वही आणि ध्यान दोन्ही बाजूला ठेवा आणि त्याला फोन करा. जानेवारीत तर निमित्तही शोधावं लागत नाही. संक्रांत आणि सिद्धेश्वरांची यात्रा एकाच वेळी येतात, तिळगूळ घेऊन दारात उभं राहिलेल्याला सहसा कुणी परत पाठवत नाही. गिलोविच आणि मेडव्हेक यांच्या 1990च्या दशकातल्या अभ्यासांत एक गोष्ट पुढे आली. केलेल्या चुका सुरुवातीला जास्त टोचतात, पण वर्षं सरली की न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. म्हणजे न केलेला फोनही त्याच यादीत जाऊन बसणार.

वडील गेले, माग गेले, ते वयही गेलं, आता करण्यासारखं काही उरलं नाही, अशा वेळीच पुढची तुलना कामाची.

बोलणं सगळ्यात स्वस्त आणि पहिला आराम त्यानेच पडतो. पार्क चौकात चहा घेत मित्राला सगळं सांगितलं की छातीवरचं ओझं उतरतं. अडचण पुढच्या आठवड्यात येते. तोच मित्र, तोच चहा, तीच गोष्ट, आणि तोही त्याचं रडगाणं काढतो. अमांडा रोझ यांनी 2002 साली शाळकरी मुलामुलींत हेच पाहिलं. मिळून उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, पण त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त आढळली. म्हणून सांगायला असा माणूस निवडा, जो ऐकून घेईल आणि मग "बरं, आता काय करणार?" असं विचारेल. घराघरात असा एखादा मामा किंवा एखादी आत्या असते. नुसतं "अरेरे" म्हणणारे प्रेमळ असतात, पण या कामाचे नाहीत.

लिहिण्याचा बोलबाला मोठा आहे. जेम्स पेनबेकर यांनी 1986 साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनातलं जड ते लिहायला लावलं. लिहिताना त्रास झाला, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लाजाळू माणसाला, किंवा एकत्र कुटुंबात बोलायला कोपराच नसलेल्या सुनेला हा मार्ग सोयीचा. मात्र त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. जोडीदारापासून वेगळं झालेल्या लोकांवरच्या 2013च्या अभ्यासात डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांना दिसलं की, "असं का झालं" याचा अर्थ शोधत उगाळत बसणाऱ्यांना लिहिण्याने उलट त्रास झाला. नुसतं रोजचं साधं वेळापत्रक लिहिणारे त्यांच्यापेक्षा लवकर सावरले.

माझ्या मते या आढाव्यातलं सगळ्यात उपयोगाचं ते हेच. लिहा किंवा बोला, प्रश्न कोणता धरता त्यावर सगळं ठरतं. एडवर्ड वॉटकिन्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने उगाळण्यावर खास उपचारपद्धती बांधली, तिचा गाभा असाच आहे. "मीच असा का?" या प्रश्नाला तळ नसतो. "त्या दिवशी नेमकं काय घडलं, मला तेव्हा काय माहीत होतं, उद्या सकाळी पहिलं काय करायचं?" यांना उत्तरं असतात. माग विकणाऱ्याने कागदावर तेव्हाचं कर्ज, तेव्हाचा सुताचा भाव, घरातलं आजारपण असं सगळं मांडलं, तर निर्णय तितका मूर्खपणाचा नव्हता हे त्याचं त्यालाच दिसण्याची शक्यता बरीच. "का" सुटत नसेल तर वही मिटा.

चालणं त्यातल्या त्यात बिनधोक. कॅलिफोर्नियातल्या 2015च्या एका प्रयोगात झाडाझुडपांत 90 मिनिटं चालल्यावर लोकांचं उगाळणं कमी झालं, वाहत्या रस्त्याकडेने चालणाऱ्यांचं झालं नाही. तेव्हा होटगी रोडच्या ट्रॅफिकपेक्षा सिद्धेश्वर तलावाचा काठ किंवा भुईकोट किल्ल्याची बाग बरी, आणि उन्हाळ्यात अर्थातच सूर्य वर यायच्या आत. परिणाम किती टिकतो हा भाग वेगळा. रात्रीच्या दळणावर ते पुरत नाही. रात्रीसाठी संध्याकाळची अर्ध्या तासाची ठरावीक वेळ राखून ठेवा आणि मध्येच विचार आला तर त्याला "सहाला ये" म्हणून परत पाठवा. ही युक्ती मुळात काळजीसाठी सुचवलेली, पण पश्चात्तापावरही वापरून बघण्यासारखी आहे.

विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर ओळखीतलं कुणी ना कुणी सुचवतंच. फी नाही, दान ऐच्छिक. पण जवळजवळ सगळे दिवस मौन; फोन, वाचन, लेखन बंद; आणि रोज सुमारे दहा तास बैठक. आधीच डोक्यात कोलाहल असलेल्याने थेट तिथे जाऊ नये असं मला वाटतं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तर शिबिरवालेच नको म्हणतात. घरी रोज दहा मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बघा, तेवढं झेपलं तर मग इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचा विचार करा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक रोज मन खचलेलं असेल, झोप-भूक गेली असेल, तर वरचं काहीही निवडत बसू नका, डॉक्टर गाठा. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथे ओळखीचं कुणी दिसेल याची धास्ती असेल तर 14416 वर टेली-मानसला फोन लावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आज रात्रीच लावा, आणि घरातल्या एकाला तरी उठवून शेजारी बसवा.