वाईचा घाट की मेणवलीचा?

वाईत अर्धाच दिवस हातात असेल, तर गणपती आळीचा घाट आधी की मेणवली?

गणपती आळीच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. दर्शन घेऊन लगेच परतू नका, देवळाच्या मागे जा. तिथली भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. दगडावरून हात फिरवला की बांधणाऱ्यांना नदी किती कळली होती ते उमगतं. शेजारी काशीविश्वेश्वर आहे, त्याचा नंदी बघाच. पण इथे गर्दी असते, आणि पायऱ्यांवरचं निर्माल्य बघून जीव तुटतो.

मेणवली तिथून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेवरचा घाट आणि तिथे टांगलेली ती पोर्तुगीज घंटा. १७०७ साली ओतलेली, पुढे वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आलेली. जवळ जाऊन पाहिलं की बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते.

मी मेणवलीच निवडेन, तेही सकाळी लवकर. घाटावर तेव्हा धुण्याचा आवाज तेवढा असतो.